ध्वनिमार्गदर्शक यंत्रणा

संग्रहालय, लेणी, किल्ला किंवा प्रदर्शन पाहायला आलेला माणूस एखाद्या वस्तूपाशी पोहोचला की त्या वस्तूची माहिती आधी मुद्रित केलेल्या आवाजात त्याला ऐकवणारी व्यवस्था. बोलताना सगळे तिला ‘ऑडिओ गाइड’च म्हणतात. ओळखपत्र ठेवून मिळणारे हातातले यंत्र, स्वतःच्या मोबाइलवरचे अ‍ॅप आणि फलकावरचा क्यूआर कोड ही तिची आजची नेहमीची रूपे. रूप कोणतेही असो, यंत्रणेला दोन गोष्टी जमाव्या लागतात: ऐकणारा कुठे उभा आहे हे ओळखणे, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला हवे तेवढेच सांगणे. पहिली गोष्ट तंत्रज्ञांनी बरीचशी साधली आहे. दुसरीवर मात्र फार कमी मेहनत घेतली जाते. मुंबईत ही उणीव मराठी ऐकणाऱ्याच्या वाट्याला जास्त येते, म्हणून या नोंदीत तिला अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका

अशी पहिली यंत्रणा १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये सुरू झाली असे मानले जाते. दालनाभोवती तारेचा वेढा बसवून टेपवरचे व्याख्यान रेडिओलहरींवर सोडले जाई. प्रेक्षक छोटा रिसीव्हर आणि कानाला हेडफोन घेऊन फिरत. टेप एकच असल्याने सगळ्यांना एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू येई, आणि अख्खा घोळका एकदमच पुढच्या चित्राकडे वळे. नंतर कॅसेट आली. प्रत्येकाला स्वतःची टेप मिळाली, पण क्रम ठरलेलाच राहिला. डिजिटल यंत्रांनी तो क्रम मोडला. वस्तूशेजारचा क्रमांक दाबा, त्या वस्तूचे निवेदन ऐका, नको असेल तर पुढे चला. २०१२ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने या कामासाठी खेळण्याचे ‘निन्टेंडो थ्रीडीएस’ यंत्र वापरात आणले.

याच्याही आधी, १९८७ साली, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्कट्राझ तुरुंगातल्या फेरीने वेगळी वाट दाखवली होती. तिथे जुने पहारेकरी आणि जुने कैदी स्वतःच्या आवाजात बोलतात. गिरण्या पाहिलेल्या मुंबईने या नमुन्याकडे लक्ष द्यायला हवे. साच्यांचा आवाज, भोंगा, तिसरी पाळी या गोष्टी ज्यांनी अनुभवल्या त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात, आणि ते सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.

कुठे उभे आहात हे ओळखणे

क्रमांक दाबणे किंवा क्यूआर कोड स्कॅन करणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत टिकाऊ पद्धत. यात चूक होत नाही, कारण ओळखण्याचे काम माणूस स्वतः करतो. ‘स्वयंचलित’ म्हणवणाऱ्या यंत्रणा हे काम त्याच्याकडून काढून घेतात. दालनात ठिकठिकाणी लावलेले ब्लूटूथ बीकन, म्हणजे बॅटरीवर चालणारे छोटे प्रक्षेपक, थोड्या थोड्या वेळाने संदेश सोडतात, आणि संदेशाच्या तीव्रतेवरून फोन अंतराचा अंदाज बांधतो. हा अंदाज गर्दीत बिघडतो. ब्लूटूथच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे शाळेची सहल मध्ये आली की जवळचा बीकन लांबचा वाटू लागतो आणि कानात शेजारच्या कपाटाची माहिती सुरू होते. चांगली यंत्रणा अशा वेळी लगेच उडी मारत नाही. काही सेकंद तोच बीकन प्रबळ राहिला तरच निवेदन बदलते.

उघड्यावर जीपीएस वापरतात. नकाशावर प्रत्येक वास्तूभोवती एक अदृश्य कुंपण आखलेले असते, त्यात पाऊल पडले की आवाज सुरू होतो. ओव्हल मैदानावर हे छान चालते. एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, समोर आर्ट डेको, आणि मध्ये मोकळे आकाश. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पण फोर्टच्या अरुंद रस्त्यांत उपग्रहाचा संदेश उंच भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुम्हाला पलीकडच्या गल्लीत नेऊन ठेवतो. अशा ठिकाणी कुंपण मोठे आखावे आणि वास्तू कमी निवडाव्यात.

घारापुरीला दोन्ही उपाय अपुरे पडतात. लेण्याच्या आत जीपीएस मिळत नाही, आणि संरक्षित खडकावर बीकन ठोकता येत नाही. बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली तीच मुळी २०१८ साली. त्यामुळे गेटवेला लाँचमध्ये चढण्यापूर्वीच अख्खी फेरी फोनवर उतरवून घ्यावी हे उत्तम. दीड मिनिटाची साठ निवेदने ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट) मुद्रित केली तर सारे मिळून जेमतेम ४३ एमबी होतात. लाँचच्या प्रवासात पार्श्वभूमी ऐकून झाली तर लेण्यात शिल्पे पाहायला डोळे मोकळे राहतात.

संहिता

उभ्या माणसाचे लक्ष एका वस्तूवर मिनिट-दीड मिनिट टिकते. सावकाश मराठी निवेदनात तेवढ्या वेळात साधारण दीड-दोनशे शब्द बसतात, आणि त्यांत राजवंशांची यादी कोंबली की पाहणे संपते. घारापुरीच्या तीन मुखांच्या सदाशिवासमोर उभे असताना कोणत्या राजवटीत हे कोरले याची चर्चा नंतरही चालेल. आधी नजर लागायला हवी. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्या शिल्पात तुमच्या डाव्या हाताचा चेहरा उग्र आहे. मिशा पाहा, हातातला नाग पाहा. उजवीकडचा चेहरा कोवळा, हातात कमळ. मधल्याचे डोळे मिटलेले. आता डाव्या अंगाच्या अर्धनारीश्वराकडे वळा. एवढे सांगून निवेदकाने दहा सेकंद गप्प बसावे. मुद्रणात अशी शांतता मुद्दाम ठेवावी लागते, कारण संकलक ती चूक समजून कापून टाकतो.

मुंबईत बहुतेक फेऱ्यांची मूळ संहिता परदेशी पाहुण्याला समोर ठेवून इंग्रजीत लिहिली जाते आणि मराठी तिच्यावरून उतरवली जाते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मराठी, हिंदी, इंग्रजीसह इतर भाषांतही ध्वनिमार्गदर्शक मिळतो, आणि मराठी पर्याय आहे ही मोठीच सोय आहे. तरी अशा ठिकाणची मराठी संहिता कशी वेगळी असावी, यासाठी तिथलाच सम्राट अशोकाच्या नवव्या आज्ञालेखाचा सोपाऱ्याचा तुकडा घेऊ. परदेशी पाहुण्याला सोपारा कुठे हे समजावण्यातच वेळ जातो. मराठी ऐकणाऱ्याला ‘नालासोपाऱ्याला उतरता तेच सोपारा’ एवढे पुरते, आणि वाचलेल्या वेळात लेखाचा आशय सांगता येतो. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण नोकरचाकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे हाच फळ देणारा विधी, असे तो लेख बजावतो. विरारची लोकल रोज पकडणाऱ्या माणसाला हे ऐकवताना भाषांतराची गरजच नाही. संहिता मुळातच मराठीत लिहावी.

अलीकडे मजकूर संगणकाकडूनच वाचून घेण्याकडे कल आहे. दुरुस्ती झटपट होते, खर्च वाचतो, आणि केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमामुळे भारतीय भाषांतले यंत्रवाचन बरेच सुलभ झाले आहे. मात्र मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते दिसत नाहीत. ‘चैत्य’मधला च आणि ‘चौक’मधला च यंत्राने सारखाच उच्चारला की ऐकणारा शिल्पाकडून आवाजाकडे वळतो. ‘इ. स. पू.’सारखी संक्षिप्त रूपे आणि शतकांचे आकडेही अडखळतात. म्हणून यंत्राला द्यायच्या मजकुरात आकडे अक्षरी लिहावेत, संक्षेप सोडवावेत, आणि अंतिम ध्वनी एका जाणत्या माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. मुख्य फेरीसाठी तरी माणसाचाच आवाज घ्यावा.

सुगम्यता आणि निगा

दृष्टिहीनांसाठी वेगळी वर्णनफेरी लागते. तिच्यात वस्तूचा आकार, पोत, माप आणि उभे राहण्याची जागा आधी येते, अर्थ नंतर. कर्णबधिरांसाठी प्रत्येक निवेदनाचा लेखी मजकूर पडद्यावर द्यावा. तोच मजकूर हेडफोन न आणलेल्यांनाही उपयोगी पडतो.

यंत्रणा बंद पडते ती बहुधा किरकोळ कारणांनी. बीकनची बॅटरी संपते, पावसाळ्यात क्यूआरचा कागद फुगतो, दालनाची मांडणी बदलते आणि क्रमांक जुनेच राहतात. वस्तू कर्जाऊ प्रदर्शनाला गेली तरी कानातला आवाज रिकाम्या चौथऱ्याचे वर्णन करत राहतो. त्यामुळे उभारणीचा करार करतानाच वार्षिक देखभाल आणि संहितेच्या दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद करावी लागते, आणि मूळ ध्वनिफिती व लेखी संहिता पुरवठादाराकडे न राहता संग्रहालयाच्याच ताब्यात राहतील असे कलम त्यात घालावे लागते.