धावणाऱ्याचं पाणी आणि वॉर्डातलं सलाईन

‘तहान लागेपर्यंत थांबू नका, तहान लागली म्हणजे उशीर झालाच समजा.’ जानेवारीत मुंबई मॅरेथॉन जवळ आली, की हा सल्ला धावणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. तो सगळ्यात मनापासून पाळतात ते पहिल्यांदाच उतरणारे. कुणी कर्करुग्णांसाठी, कुणी लहान मुलांच्या रुग्णालयासाठी ओळखीपाळखीतून पैसे जमवलेले असतात, त्यामुळे शर्यत अर्धवट सोडायची नाही असा पक्का निश्चय असतो. या सल्ल्याचा सर्वाधिक धोकाही त्यांनाच आहे.

बोस्टन मॅरेथॉनचं उदाहरण घेऊ. तिथे एरवी प्रवेश हवा तर आधीच्या शर्यतीत ठरावीक वेळ नोंदवलेली असावी लागते. १९८९ पासून मात्र दुसरीही वाट आहे: एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करा आणि धावा. बोस्टनच्या बालरुग्णालयाचा ‘माइल्स फॉर मिरॅकल्स’ हा चमू असाच निधी गोळा करतो. या वाटेने येणारे बरेच जण सावकाश धावतात आणि वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी थांबतात. १५ एप्रिल २००२ च्या शर्यतीत रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी धावणारी २८ वर्षांची एक तरुणी शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि पुढे दगावली. तिच्या शरीरातलं पाणी कमी झालं नव्हतं, ते जास्त झालं होतं. रक्तातलं सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज आली होती. या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात.

त्याच शर्यतीत बोस्टन बालरुग्णालयातले डॉक्टर एक अभ्यास करत होते. ४८८ धावपटूंचं रक्त त्यांनी शर्यत संपताच तपासलं. २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेले आकडे असे: १३ टक्के धावपटूंचं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी (निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असतं), आणि तिघांचं १२० किंवा त्याखाली, म्हणजे जिवावर बेतण्याइतकं. हे कुणाच्या वाट्याला आलं? ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं, जे तीन लिटरपेक्षा जास्त प्यायले, ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला. ४२ किलोमीटर धावूनही वजन वाढतं, हे वाचून मी थबकलो होतो.

लहान मुलांच्या डॉक्टरांना हा आजार परका नाही. त्यामागची यंत्रणा मला शरीरशास्त्रातली सगळ्यात देखणी वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, रक्ताची घनता मोजणाऱ्या पेशी असतात. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी घट्ट झालं, तरी या पेशी आकसतात आणि संदेश सोडतात. मग व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरतं आणि किडनीपर्यंत पोहोचतं. किडनीतल्या शेवटच्या नळ्यांच्या पेशींत ॲक्वापोरिन-२ ही प्रथिनं आत साठवलेली असतात. व्हॅसोप्रेसिन पेशीवरच्या ग्राहकाला (संदेश टिपणाऱ्या रेणूला, रिसेप्टरला) चिकटलं, की ती पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि मूत्रातलं पाणी त्यांच्यातून परत शरीरात खेचलं जातं. क्षार मागे राहतात, फक्त पाणी जातं. (ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) रक्त पातळ झालं की उलट घडतं: संप्रेरक थांबतं, प्रथिनं आत परततात, लघवी वाढते. निरोगी किडनी तासाला पाऊण-एक लिटर जादा पाणी सहज बाहेर टाकते. म्हणूनच घरी बसून दोन तांबे पाणी प्यायल्याने कुणाला काही होत नाही.

गोम पुढे आहे. व्हॅसोप्रेसिन केवळ रक्ताच्या घनतेवर चालत नाही. वेदना, मळमळ, मानसिक ताण, दीर्घ व्यायाम, रक्ताचं घटलेलं आकारमान यांमुळेही ते स्रवतं. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला यातलं बहुतेक सगळं एकत्र हजर असतं. रक्त पातळ होत असूनही किडनीला ‘पाणी धरून ठेव’ हाच हुकूम मिळत राहतो आणि बाहेर पडणारी लघवी तासाला जेमतेम पेलाभरही राहत नाही.

आता हिशेब करा. ५० किलो वजनाच्या बाईच्या शरीरात साधारण २५ लिटर पाणी. ती पाच तास धावली, पाच लिटर प्यायली, घाम आणि श्वासावाटे अडीच लिटर गेलं. अडीच लिटर शिल्लक. सोडियम आधी १४० असेल, तर १४० ला २५ ने गुणा आणि साडेसत्तावीसने भागा: १२७. घामातून गेलेलं सोडियम यात धरलेलंच नाही, म्हणजे खरा आकडा आणखी खाली. बाहेरचा द्रव पातळ झाला, की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या पाण्यात टाकलेल्या मनुकेसारख्या फुगतात. स्नायूंना फुगायला जागा आहे. कवटीतल्या मेंदूला नाही. डोकेदुखी, उलटी, भ्रमिष्टपणा, झटके हा त्याचा क्रम.

हेच बालरुग्णालयात, धावपळ न करता, घडत आलं आहे. १९५७ मध्ये हॉलिडे आणि सेगर या डॉक्टरांनी मुलांच्या सलाईनचं सूत्र मांडलं: दिवसाला वजनाच्या पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या १० ना ५०, त्यापुढे २०. क्षारांचं प्रमाण त्यांनी दुधावरून ठरवलं, त्यामुळे सलाईन फार कमी मिठाचं झालं; लिटरमागे तीसेक मिलिमोल सोडियम. निरोगी मुलाला ते चाललं असतं. पण शस्त्रक्रिया झालेलं, न्यूमोनियाने धापा टाकणारं किंवा मेंदूज्वर झालेलं मूल वेदनेत आणि मळमळीत असतं, म्हणजे त्याचं व्हॅसोप्रेसिन चढलेलं असतं. शिरेतून पातळ पाणी येत राहतं, लघवी होत नाही, मेंदू सुजतो. यात मुलं दगावली आहेत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अशा मुलांना रक्ताइतक्याच खारट द्रवाचं सलाईन द्यावं. इतकी वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं.

यावर ‘मग स्पोर्ट्स ड्रिंक घेऊ’ हे उत्तर जाहिरातीतून आलेलं आहे. त्यात लिटरमागे सोडियम असतं वीसेक मिलिमोल. ओआरएसमध्ये ७५ असतं, तेही रक्ताच्या निम्म्याच्या आसपास. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. बोस्टनच्या अभ्यासात धावपटू काय प्यायले यावरून फरक पडला नाही, किती प्यायले यावरून पडला. ‘अल्कलाइन पाणी’ तर पोटातल्या आम्लात गेल्यावर अल्कलाइन राहतच नाही. रक्ताचं आम्ल-अल्कली संतुलन फुप्फुसं आणि किडनी सांभाळतात. शरीरातली विषं बाहेर काढायला सकाळी उपाशीपोटी दोन लिटर पाणी प्या, असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नये.

याचा अर्थ पाणी टाळावं असा नाही. मुंबईच्या दमट हवेत उष्माघात खराच होतो, आणि पाणी न पिता धावणं धोक्याचंच. तहान लागली की प्यावं, नसेल तर टेबलापुढून सरळ निघून जावं. सरावाच्या लांब धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहावं. ते एखाद किलोने घटणं स्वाभाविक आहे, कारण स्नायूंतला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) जळतो आणि त्याच्याबरोबर धरलेलं पाणीही सुटतं. वजन वाढलेलं दिसलं, तर पिणं कमी करायचं. धावताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यातल्या अनेक गोळ्या व्हॅसोप्रेसिनचा किडनीवरचा परिणाम वाढवतात.

वैद्यकीय तंबूत आणलेल्या माणसाला पाणी कमी पडलंय असं गृहीत धरून आणखी पाणी पाजणं ही घातक चूक ठरू शकते. आधी रक्तातलं सोडियम तपासावं लागतं. ते फार खाली असेल आणि माणूस बरळत असेल, तर तीन टक्के मिठाचं १०० मिलिलिटर सलाईन शिरेतून दिलं जातं, गरज पडल्यास पुन्हा. तो माणूस स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून तो किती प्यायला, त्याला उलट्या झाल्या का, बोटातली अंगठी घट्ट झाली होती का, हे सोबत धावणाऱ्याने डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावं.