२२ इंचांची वाट : ‘मिशन रानीगंज’ची पार्श्वभूमी

खानदेशात कोळसा निघत नाही. तापीकाठच्या गाळाखाली येथे काळा पाषाण लागतो आणि कोळसा दिसतो तो दीपनगरच्या वीजकेंद्राकडे निघालेल्या वाघिणींत. तरीही ‘मिशन रानीगंज’ या हिंदी चित्रपटामागची सत्यकथा यावल-रावेरच्या केळी उत्पादकाला चटकन उमगेल, कारण तिचा सारा पेच बोअरचा आहे.

पश्चिम बंगालमधील राणीगंज परिसरात १७७४ पासून कोळसा काढला जात असल्याने तेथील भूगर्भ सोडून दिलेल्या जुन्या खोदकामांनी पोखरलेला आहे. या पोकळ्यांत पाणी साचते आणि मधला कोळशाचा बांध फुटला, की ते चालू खाणीत घुसते. झरियाजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी अशाच पाण्याने पावणेचारशेच्या आसपास कामगारांचे बळी घेतले होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर कोलियरीत, म्हणजे कोळसा खाणीत, पाणी शिरले तेव्हा बहुतेक कामगार वर आले, पण ७१ जण खाली अडकले आणि त्यांतील सहा बुडाले.

उरलेल्या ६५ जणांसाठी अभियंता जसवंतसिंग गिल यांनी वरून बोअर घेऊन पोलादी कुपीतून एकेकाला ओढून काढण्याचा मार्ग सुचवला. आपल्याकडे शेतातली बोअर सहा-आठ इंचांची असते; गाडी लागली की आधी भुकटी उडते, मग राखाडी चिखल उसळतो आणि मध्येच माती ढासळली तर केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा धरून ठेवणारा पाइप, उतरेपर्यंत मालकाचा जीव टांगणीला लागतो. राणीगंजला माणूस मावेल असे २२ इंचांचे भोक हवे होते, तेही नेमक्या जागी. पडद्यावर नायक एकच असणार हे ओघानेच आले, परंतु ती जागा अचूक हेरणाऱ्या सर्वेक्षकांचे आणि बोअर घेणाऱ्यांचे श्रेयही मोठे आहे.

कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीतील डालबुश खाणीतून १९५५ साली तीन कामगार अशाच अरुंद कुपीतून वर आले होते आणि १९६३ मध्ये लेंगेडे येथे ११ जण वाचले होते. राणीगंजची कुपी मात्र तेथेच घाईघाईने घडवलेली होती. १६ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी गिल स्वतः तीतून खाली उतरले आणि सकाळपर्यंत सर्व ६५ जण वर आले.

२०१९ मध्ये निधन झालेल्या गिल यांना ६ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट पाहता आला नाही. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले. तेथे आडवी बोअर घेणारे यंत्र तुटल्यावर शेवटचे काही मीटर हातांनी खोदावे लागले.