कडा धरून की कडा सोडून? चेहऱ्यावरच्या छोट्या कर्करोगाच्या बिलाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचून बिलासाठी प्रत्येक उपचाराला ठरलेला आकडा, म्हणजे कोड, देणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या कोणालाही ११६४० ते ११६४६ ही मालिका तोंडपाठ असते. चेहरा, कान, पापण्या, नाक, ओठ यांवरची कर्करोगाची गाठ कापून काढली की यातला एक आकडा लागतो. (मधला ११६४५ नाही. शोधत बसू नका.) अर्धा सेंटिमीटरपर्यंत ११६४०, एकपर्यंत ११६४१, दोनपर्यंत ११६४२, आणि पुढे चारच्या वर गेले की ११६४६. वाद आकड्यांचा नाहीच. सेंटिमीटर नेमके कशाचे, हा आहे.

या आकड्यांची संकेतावली, सीपीटी, १९६६ची, पाच अंकी आकडे १९७०चे. १९८३मध्ये मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याने, ती स्वीकारली, तोवर ती बरीचशी नोंदीची सोय होती. खरी उलथापालथ १९९२ची. त्या वर्षी प्रत्येक कोडला कामाच्या वजनाप्रमाणे दर चिकटला आणि मिलिमीटरलाही किंमत आली.

त्या काळी मोजायची ती फक्त गाठ. पण शल्यचिकित्सक नुसती गाठ काढत नाही. बेसल सेल या त्वचेच्या कर्करोगाची छोटी गाठ असली तरी भोवतीची चांगली दिसणारी कातडी, साधारण ४ मिमी, सगळीकडून घ्यावी लागते. नाकाच्या शेंड्यावर किंवा पापणीजवळ ही कडा म्हणजेच निम्मे काम. त्याचे पैसे कोडात नव्हते. ही तक्रार रास्त होती, असे माझे मत आहे.

२००३मध्ये व्याख्या बदलली. गाठीचा सर्वांत मोठा व्यास, अधिक ती पूर्ण निघण्यासाठी लागणारी सर्वांत अरुंद कडा, दोन्ही बाजूंची. शब्द आला ‘एक्साइज्ड डायमीटर’, आणि घोळ तिथून सुरू झाला. ०.८ सेंमीची गाठ आधी ११६४१ होती, ०.४ अधिक ०.४ धरून ती १.६ झाली, म्हणजे ११६४२. अर्ध्या सेंटिमीटरची गाठ १.३ झाली आणि ११६४० वरून थेट दोन पायऱ्या चढली. ४ मिमी कडा ठेवली तर नुसत्या कडाच ०.८ होतात, म्हणजे ११६४० लागायला जागाच उरत नाही. तो कोड कागदावर आहे, एवढेच.

‘सर्वांत अरुंद’ हा शब्द उगाच नाही. जखम नीट मिटावी म्हणून कातडी लांबट, होडीच्या आकाराची कापतात. होडीची टोके शिवण्याच्या सोयीसाठी असतात, कर्करोगासाठी नव्हेत, म्हणून लांबी धरायची नाही. पण ऑप नोटमध्ये, म्हणजे डॉक्टरने लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत, कडा लिहिलेली नसली की कोडर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट उघडतो. तिथे १.८ × ०.९ असे काहीतरी दिसते. १.८ ही होडीची लांबी, आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये आक्रसलेला. दोन्हीकडून चूक. नियम सांगतो, मोजमाप कापण्याआधीचे हवे. अगदी पहिल्याच ऑडिटमध्ये मी स्वतः १.८ लावून बसलो होतो, तेव्हापासून ‘कडा किती?’ ही क्वेरी डॉक्टरकडे पाठवायला लाजत नाही.

रुंद कडा घेतली की पैसे जास्त, मग कडा वाढतील, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही ऐकू येतो. त्याला व्याख्येत ‘लागणारी’ या एका शब्दाचे उत्तर आहे. किती लागते, हे ठरवणारा मात्र कापणाराच. गंमत म्हणजे तीच गाठ खरवडून जाळली तर १७२८० ते १७२८६ लागतात आणि तिथे आजही फक्त गाठच मोजतात, कडा नाही.

‘मोज’ (Mohs) नावाच्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीत व्यासच नाही. थर काढायचा, तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, उरले असेल तर पुन्हा. २००७पासून चेहऱ्यासाठी पहिल्या टप्प्याला १७३११ आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला १७३१२. कापणारा आणि काच पाहणारा एकच डॉक्टर हवा. दोघे वेगळे असले तर हा कोड लागत नाही. एकाच दिवशीच्या दुसऱ्या कामाचा दर न कापण्याची या कोडांची जुनी सवलत मेडिकेअरने २००८मध्ये काढली. एकाच दिवशी दुसरी गाठ, किंवा त्याच जखमेची दुरुस्ती केली, तर कमी दराच्या कामाचे निम्मेच मिळतात. दुसऱ्या गाठीसाठी रुग्णाला वेगळ्या दिवशी बोलावण्याचा मोह यातूनच जन्मला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

शिवण्याचे काम वेगळेच गुंतागुंतीचे. साधी शिवण कापण्याच्या कोडातच येते. बाजूची कातडी सरकवून भोक झाकले, तर उलट कापणेच १४०६०सारख्या कोडात जाते आणि ११६४२ लावता येत नाही. मधल्या (इंटरमीजिएट) आणि अवघड (कॉम्प्लेक्स) शिवणीतली सीमा २०२०पर्यंत ढिली होती. आता कातडी खालून किती मोकळी केली, हे पाहतात: भोकाच्या किमान एका अख्ख्या कडेने, त्याच्या सर्वांत मोठ्या रुंदीइतकी किंवा जास्त, आणि ती रुंदी शिवणीच्या रेषेला काटकोनात मोजलेली. ऑप नोटमध्ये हे अंतर नसेल, तर पुन्हा तीच क्वेरी.