एल्कसाठी कोणती रायफल? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पश्चिमेत, म्हणजे कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या पट्ट्यात, शरद ऋतू आला की शिकाऱ्यांमध्ये एक वाद हटकून उफाळतो: एकच रायफल बाळगायची तर कोणती, आणि तिच्यात काडतूस कोणतं? प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. एकाच मोसमात उघड्या माळावर तीनशे यार्डांवरून पन्नासेक किलोचा प्राँगहॉर्न, म्हणजे तिकडचा हरणासारखा चपळ प्राणी, टिपायचा असतो, आणि आठवड्याभराने देवदाराच्या दाट जंगलात तीनशे किलोंच्या पुढचा एल्क समोर येतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. माळाला वेग हवा, जंगलाला वजन. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचं पर्वच संपवलं, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी इतिहासाचा आहे. तिकडे तो अजून जिता आहे.

या वादाचं पहिलं प्रकरण १८०५ सालचं. पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीतून पुढे सरकत होती. त्या मे महिन्यात त्यांनी एका ग्रिझली अस्वलाला दहा गोळ्या घातल्या. त्यातल्या पाच फुप्फुसातून गेल्या होत्या. तरी ते अस्वल निम्म्याहून अधिक नदी पोहून वाळूच्या बेटावर गेलं आणि मरायला त्याने वीस मिनिटं घेतली, अशी नोंद लुईसने रोजनिशीत करून ठेवली आहे. पूर्वेकडच्या जंगलात हरणं आणि खारी मारणाऱ्या लांब नळीच्या, लहान गोळीच्या बंदुका इथे अपुऱ्या पडणार, हे त्या वाळूच्या बेटावरच ठरलं.

उत्तर मिळालं सेंट लुईसमध्ये. जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांनी फर व्यापाऱ्यांसाठी ठासणीच्याच, पण वेगळ्या धाटणीच्या बंदुका घडवल्या. नळी आखूड आणि जाड, घोड्यावर आडवी धरता येईल अशी, आणि अर्ध्या इंचाच्या आसपास व्यासाची शिशाची गोळी. गोल गोळीचं वजन वाढवायचा एकच मार्ग असतो, ती मोठी करायची. ‘मोठ्या जनावराला मोठं भोक’ हा पश्चिमेचा जुना सिद्धांत इथून निघाला, आणि तो पुढे शंभर वर्षं मानगुटीवर बसून राहिला.

मग आला बायसनचा संहार. (आपल्याकडचे जुने शिकारी गव्यालाच बायसन म्हणत, हा प्राणी वेगळा.) १८७१ च्या सुमारास बायसनचं कातडं कमावून त्याचे कारखान्यातले पट्टे करण्याची रीत सापडली आणि माळावर व्यावसायिक शिकारी लोटले. त्यांच्या हाती शार्प्स कंपनीच्या जड, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या बंदुका होत्या. दोन काठ्यांच्या कैचीवर नळी टेकवायची, दूर वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं आणि कळप बिथरणार नाही अशा बेताने एकेक जनावर पाडत जायचं. नळी तापली की तिच्यावर पाणी ओतायचं. याला शिकार म्हणणं जिवावर येतं, तो कत्तलखाना होता. १८८९ च्या गणतीत साऱ्या उत्तर अमेरिका खंडात जेमतेम हजारभर बायसन उरले होते. पण रायफलींच्या इतिहासात हा काळ वगळता येत नाही, कारण ‘लांबून, टेकू घेऊन, एकाच गोळीत’ हे तंत्र याच लोकांनी पक्कं केलं. त्यांच्यात चाललेलं एक काडतूस .४५-७० हे होतं (अशा नावांतला पहिला आकडा व्यासाचा, इंचांत). १८७३ मध्ये ते सैन्यासाठी निघालं. ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला तेराशे फुटांच्या आसपास. जनावरावर ती हातोड्यासारखी बसायची, पण लांबच्या पल्ल्यावर इतकी खाली यायची की अंतराचा अंदाज पंचवीस यार्डांनी चुकला तरी नेम फुकट.

फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू तयार केली आणि हे गणितच उलटलं. काळ्या दारूने गोळीला जो वेग कधी दिला नसता तो लहान गोळीला मिळू लागला. १८९५ मध्ये विंचेस्टरने आपल्या १८९४ च्या लिव्हर रायफलीसाठी, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या रायफलीसाठी, .३०-३० बाजारात आणलं. आराखडा जॉन ब्राउनिंगचा. ही रायफल खोगिरालगतच्या म्यानात इतकी चपखल बसायची की राखणदारापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांनी ती घेतली. तिच्या सत्तर लाखांवर प्रती निघाल्या. दोनशे यार्डांच्या आत तिच्यात खोट काढायला जागा नाही. त्यापलीकडे मात्र तिची बोथट गोळी लवकर दमते.

पुढचं वळण जंगलात नाही, युद्धात आलं, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत लक्षणीय वाटते: पश्चिमेचा ‘आदर्श’ बहुतेक वेळा शिकाऱ्यांनी नाही, सैन्याने ठरवला. जुलै १८९८ मध्ये क्युबातल्या सान हुआन टेकड्यांवर काहीशे स्पॅनिश सैनिकांनी माउझर रायफलींच्या जोरावर हजारांहून अधिक अमेरिकनांना ठार आणि जखमी केलं. पाच काडतुसं एका पट्टीतून एका दमात भरणाऱ्या त्या रायफलीपुढे अमेरिकनांची क्राग फिकी पडली. मग अमेरिकेने माउझरचाच बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा, जवळजवळ उचलला, त्याचं स्वामित्वमूल्य जर्मन कंपनीला मोजलं, आणि १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल तयार झाली. तीन वर्षांनी तिच्यासाठी टोकदार गोळीचं नवं काडतूस आलं, .३०-०६. उच्चार थर्टी-ऑट-सिक्स. आपल्या पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीमधले तिन्ही आकडे व्यासाचे, इथला शेवटचा सहा मात्र १९०६ या सालाचा. १५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २७०० फूट. पहिल्या महायुद्धानंतर बोल्ट रायफलीला सरावलेले तरुण घरी परतले आणि शिकारीलाही तेच मागू लागले.

१९२५ मध्ये विंचेस्टरने या काडतुसाच्या घराण्यातल्याच पुंगळीची मान आवळून .२७० काढलं. १३० ग्रेनची गोळी, जाहिरातीत वेग ३१४० फूट. ते गाजवलं ॲरिझोनात जन्मलेल्या जॅक ओ’कॉनर या लेखकाने. विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा हा माणूस नंतर शिकारीच्या मासिकात बंदुकांचं सदर लिहू लागला. बिगहॉर्न मेंढ्यांच्या मागे डोंगर चढणाऱ्याला हलकी रायफल, सपाट मार्गाची गोळी आणि कमी धक्का हवा, हे त्याचं म्हणणं. समोर उभा ठाकला एल्मर कीथ: गुराखी, वाटाड्या, उंच टोपीवाला. त्याचा आग्रह .३३ किंवा त्याहून मोठ्या व्यासाचा आणि २५० ग्रेनच्या गोळीचा. दोघंही आयडाहोत राहायचे, एक लुईस्टनला, दुसरा सॅमनला. त्यांची भांडणं वाचकांनी वर्षानुवर्षं चवीने वाचली.

कीथला हेकट म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, आणि बरेच जण तसं करतातही. पण वाटाड्या म्हणून त्याने गिऱ्हाइकांनी घायाळ करून सोडलेले एल्क पाहिले होते. ओ’कॉनर मेंढ्यांचा विचार करत होता, कीथ एल्कच्या खांद्याच्या हाडाचा. दोघंही आपापल्या जनावराबाबत बरोबर होते.

ओ’कॉनरच्या बाजूचा एक पुरावा आपल्याकडचाही आहे. जिम कॉर्बेटने १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या ज्या .२७५ रिग्बीने मारला, तिचं काडतूस म्हणजे इंग्रजी नाव घेतलेलं ७ × ५७ माउझर, सान हुआनवर स्पॅनिशांच्या हाती होतं तेच. ओ’कॉनरची पत्नी एलिनॉर हिचीही ती लाडकी मात्रा होती, आणि नेमबाजीत ती नवऱ्याला हार जाणारी नव्हती.

वाद खरा सुटला तो व्यासामुळे नाही, गोळीच्या पोटातल्या रचनेमुळे. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे एल्कहूनही थोराड हरणाच्या, शिकारीला गेला होता. जनावराच्या अंगावर चिखलाचा वाळलेला थर होता आणि त्याच्या ताकदवान .३०० च्या गोळ्या आत खोल न जाता वरच फुटल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या तांब्याच्या कवचात मध्ये आडवी भिंत ठेवली: पुढचा भाग उमलून पसरायचा, मागचा भाग एकसंध राहून आत घुसायचा. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी दोन वर्षांत विक्रीला आली. जे ‘.२७० एल्कला कमी पडतं’ म्हणून बोंब मारत होते, त्यांच्या तक्रारीचा बराचसा भाग फुटणाऱ्या गोळ्यांचा होता. तरी मॅग्नमची, म्हणजे जादा दारूच्या जोरकस काडतुसांची, लाट आलीच: १९५८ ला .३३८ विंचेस्टर, १९६२ ला ७ मिमी रेमिंग्टन, १९६३ ला .३०० विंचेस्टर. त्यांनी ताकद वाढवली, खांद्यावरचा धक्काही वाढवला, आणि धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्याचा नेम कुठलंच काडतूस सुधारू शकत नाही.

१९९० च्या दशकात लेझरने अंतर मोजणारी यंत्रं सामान्यांच्या हाती आली, तेव्हा सपाट मार्गाचं महत्त्वही थोडं ओसरलं, कारण अंतर ठाऊक असेल तर गोळी किती खाली येईल हे आधीच हिशेबात धरता येतं. २००७ मध्ये हॉर्नाडीने ६.५ क्रीडमूर काढलं ते मुळात निशाणेबाजीसाठी. नाव लाँग आयलंडच्या जुन्या चांदमारीवरून. लांब, सडपातळ गोळी वाऱ्याला कमी दबते, म्हणून शिकाऱ्यांनीही ते उचललं. यात नवलाई थोडीच आहे. स्कँडिनेव्हियात १८९४ च्या ६.५ × ५५ ने शतकभर मूस पडत आले आहेत. कोलोरॅडोचा कायदा आजही एल्कसाठी एवढंच सांगतो की व्यास किमान .२४ असावा, गोळी उमलणारी आणि किमान ८५ ग्रेनची असावी, आणि शंभर यार्डांवर एक हजार फूट-पाउंड ऊर्जा उरावी. बाकी निवड ज्याची त्याची.

आणि मग गिधाडांनी हस्तक्षेप केला. शिसं लागलेले अवशेष खाऊन कॅलिफोर्नियाचे काँडोर मरू लागले, म्हणून त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. आता निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरतात. त्या फुटत नाहीत, पण उमलायला त्यांना वेग लागतो, म्हणून जाणकार आता जुन्या वजनापेक्षा हलकी गोळी घ्यायला सांगतात. .२७० मध्ये ती बहुतेक वेळा १३० ग्रेनचीच असते.