स्नायू फाटला की आत काय चालतं? (आमच्या पेशंटसाठी)

गुरुपौर्णिमेपासून गोविंदांचा सराव सुरू झाला की नौपाड्यातल्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरला पोटरी नाहीतर खांदा धरून मुलं यायला लागतात, आणि घोडबंदरच्या टर्फवर रात्री क्रिकेट खेळून मांडीत चमक भरलेले तर बारा महिने येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती दिवसात बरं होईल? गडबडीत नीट सांगून होत नाही म्हणून हे लिहून देतोय, घरी शांतपणे वाचा.

स्नायूचा एकेक धागा म्हणजे एकच लांबलचक पेशी असते, तिच्यात केंद्रकं पुष्कळ पण तिला स्वतःचे दोन भाग करून वाढता येत नाही. मग फाटल्यावर भरतं कोण? तर धाग्याला अगदी चिकटून, त्याच्या बाहेरच्या आवरणाच्या आत छोट्या स्टेम सेल्स (गरज पडली की वाढून नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) झोपलेल्या असतात, त्यांना सॅटेलाइट सेल्स म्हणतात. 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञांना त्या बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या.

मार लागला की आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन तुटलेला माल उचलतात, सूज येते ती बरीचशी यामुळेच, म्हणून सूज म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजून घाबरू नका. त्याच गडबडीत सॅटेलाइट सेल्स जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, त्यातल्या बऱ्याचशा फाटलेल्या धाग्यात मिसळतात किंवा एकमेकींना जुळून नवा धागा बनवतात. पण सगळ्या नाही! दही लावताना आपण थोडं विरजण बाजूला ठेवतो ना, तशा काही पेशी मागे राहून परत झोपतात, पुढच्या दुखापतीसाठी. आम्हाला तरी यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. 2005 मध्ये एका प्रयोगात उंदराचा एकच धागा, त्यावरच्या जेमतेम 7 पेशींसकट, दुसऱ्या उंदराच्या स्नायूत लावला तर त्यातून 100 च्या वर नवे धागे तयार झाले, शिवाय नव्या सॅटेलाइट सेल्सही. आणि 2011 मध्ये उंदरांमधून या पेशी काढून टाकून मग स्नायूला इजा केली तर तो भरूनच आला नाही.

आजी-आजोबा विचारतात, आमचं आता काय भरून येणार? वयाने काम हळू होतं हे खरं, पण 2005 मध्येच म्हाताऱ्या उंदराला तरुण उंदराचं रक्त मिळेल असं जोडलं तेव्हा त्याच्या झोपलेल्या पेशी परत कामाला लागल्या होत्या, म्हणजे पेशी संपलेल्या नव्हत्या, आजूबाजूची परिस्थिती बदललेली होती. म्हणून वय झालं म्हणून व्यायाम सोडू नका.

आता तुमच्या बाजूने काय करायचं. पहिले दोन-तीन दिवस जोराची मालिश नको, गरम शेक नको. त्यानंतर मात्र पाय नुसता उशीवर ठेवून बसू नका, आम्ही दाखवलेली हालचाल आणि वजन हळूहळू वाढवत न्या कारण नव्या धाग्यांना ताण मिळाला की ते सरळ रांगेत बसतात, नाहीतर तिथे नुसता कडक व्रण राहतो. जेवणात डाळ, अंडी, दही, मासे जे चालतं ते रोज हवं, निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोला 50 ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच).

जाहिरात बघून स्टेम सेलच्या इंजेक्शनबद्दल बरेच जण विचारतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठी होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे मंजुरी घेऊन केलेल्या चाचणीतच, करता येतात, त्यामुळे आम्ही ते देत नाही आणि कुठे पाठवतही नाही.

टक् असा आवाज होऊन तिथे खड्डा जाणवला, पायावर उभंच राहता येईना, किंवा पोटरी लाल-गरम होऊन सुजली तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा.

आणि दुसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं तरी अपॉइंटमेंट चुकवू नका, दुखणं आधी थांबतं आणि धागे नंतर भरतात, त्या दिवशी आम्ही दोन्ही पायांची ताकद मोजतो आणि टर्फवर कधी जायचं ते त्यावरूनच ठरवतो.