भांगेचं बी आणि तेल: घरी नेण्याआधी वाचा

गेल्या मे महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या दुकानात हेम्पच्या, म्हणजे भांगबियांच्या तेलाच्या तीन बाटल्या परत आल्या. तिघांचंही म्हणणं एकच: तेल कडू लागतंय, भेसळ आहे. बाटल्या आम्ही गल्ल्यावरच उघडल्या. दिवाळीआधी दाराच्या चौकटीला ऑइलपेंट मारतात ना, अगदी तो वास. बाटलीच्या गळ्याशी तेल सुकून पिवळा, चिकट कड धरला होता. एकीचं झाकण तर फडक्यानं धरून फिरवावं लागलं. भेसळ एकीतही नव्हती. बाटली ठेवता कुठे, असं विचारलं तर तिघांचंही उत्तर तेच निघालं: ओट्यावर, गॅसशेजारी, मिसळणाच्या डब्याला टेकून.

बाकीची तेलं तिथंच असतात, मग हे का नको, हा प्रश्न रास्त आहे. शेंगदाण्याचं तेल दणकट असतं. हे तेल जवसाच्या जातकुळीचं. यातली तीन चतुर्थांश स्निग्धाम्लं हवेतल्या ऑक्सिजनला लगेच धरणारी आहेत. ज्या ओमेगा-३ साठी तुम्ही एवढे पैसे मोजता, ते त्यातच येतं आणि सगळ्यात आधी तेच बिघडतं. जवसाचं तेल रंगात आणि वार्निशात घालतात तेही याच गुणामुळे. हवा लागली की ते सुकून कवच धरतं. लाकडावर हवं ते कोशिंबिरीत नको असतं. उष्णता, उजेड आणि हवा मिळाली की हे काम भराभर होतं, आणि मे महिन्यात नेरूळच्या स्वयंपाकघरात तिन्ही फुकट मिळतात.

तेव्हा बाटली फ्रीजमध्ये, आतल्या कप्प्यात. फ्रीजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, म्हणून दारात नको. चमच्यात ओतलं की गळा पुसा आणि लगेच झाकण लावा. उघडल्यापासून दोन महिन्यांत संपवा; पाहुण्यांसाठी पुरवून पुरवून ठेवायचं हे तेल नाही. चांगल्या तेलाचा रंग गर्द हिरवा असतो (तो बियांतल्या हरितद्रव्याचा, आम्ही घातलेला नव्हे) आणि चव ओल्या अक्रोडासारखी. शंका आली तर थेंबभर जिभेवर ठेवून बघा. खवटपणा लपत नाही.

दुसरी चूक फोडणीची. हे तेल साधारण १६५ अंशांना धुरावायला लागतं. मोहरी तडतडेपर्यंत तापवलंत तर पैसेही गेले आणि चवही गेली. फोडणी आमच्या घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाची करा, हे तेल वरून घाला: दडपे पोहे, काकडीची कोशिंबीर, गरम भात-वरण ताटात वाढल्यावर. दिवसाला एक-दोन चहाचे चमचे पुष्कळ झाले.

आमच्याकडे २५० मिलिलिटरचीच बाटली मिळते, एक लिटरची का नाही, अशीही तक्रार असते. कारण वर आलंच आहे. सुटं तेल तुमच्या डब्यात ओतून देत नाही, तेही त्याचसाठी. हे तेल आमच्या घाण्यावर निघत नाही. बी आणि तेल दोन्ही उत्तराखंडातल्या परवानाधारक उत्पादकाकडून सीलबंद येतं आणि प्रत्येक बाटलीवर तेल गाळल्याची तारीख असते. त्यामुळे भाव जास्त पडतो, हे कबूल. निव्वळ ओमेगा-३ हवं असेल तर जवसाची चटणी खा. ती आमच्याकडे याच्या पाव किमतीत मिळते आणि जवसात ओमेगा-३ चं प्रमाणही जास्त असतं. भांगबीचं बळ प्रथिनांत आहे. १०० ग्रॅम सोललेल्या बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५ च्या आसपास. कच्चंच खाता येतं, भिजवायला नको, भाजायला नको.

आता आवाज खाली करून विचारला जाणारा प्रश्न: "हे खाऊन चढत नाही ना?" चढत नाही. नशेचं द्रव्य, टीएचसी, हे मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकात तयार होतं. बियांत ते बनत नाही. चीक टरफलाला लागून आला तर तेवढाच. बिया, त्यांचं पीठ आणि तेल अन्न म्हणून विकायला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली आणि मर्यादाही घातली: बियांत किलोला जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम टीएचसी, तेलात १०. दोन मोठे चमचे, म्हणजे २० ग्रॅम बी खाल्लंत, तर पोटात फार तर ०.१ मिलिग्रॅम जाईल. परदेशात जिथं गांजा कायदेशीर आहे, तिथं नशेच्या गोळीत ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तेवढ्यासाठी एका बैठकीत किलोभर बी संपवावं लागेल. त्याआधी तुमचं पोट तुम्हाला थांबवेल. पहिल्याच दिवशी चार-पाच चमचे खाणाऱ्यांना जुलाबाचा अनुभव आलेला आहे. एका चमच्यानं सुरुवात करा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. यानं साखर उतरते, गुडघे बरे होतात असं आम्ही सांगत नाही. कोणी आमचं नाव घेऊन सांगत असेल तर ऐकू नका.

करावे इथं टी. एस. चाणक्य ही जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणारी संस्था आहे, सीवूड्स-नेरूळ भागात जहाजावर जाणारे पुष्कळ, म्हणून हेही लिहितो. बोटीवर चढण्याआधी ज्यांची नशेच्या पदार्थांसाठी लघवीची तपासणी व्हायची असते, त्यांनी हे बी आणि तेल घेऊ नये. मात्रा नगण्य आहे, पण नोकरीच्या बाबतीत नगण्यसुद्धा कशाला? त्यांना आम्ही हसतमुखानं शेंगदाणे देतो.

राहिला हे झाड कुंडीत लावायचा प्रश्न. "कुणी परदेशातून सांगितलंय, गांजाची हायब्रिड, म्हणजे संकरित जात चांगली, तुमच्या बियांतून येईल का?" असं विचारणारे तरुण हल्ली बरेच येतात. हेम्प आणि गांजा ही दोन वेगळी झाडं नव्हेत. ढोबळी मिरची आणि ज्वाला मिरची एकाच जातीच्या, एक तिखट नाही आणि दुसरी डोळ्यांतून पाणी काढते, तसंच हे. हेम्प म्हणून लावतात त्याच्या वाळल्या फुलोऱ्यात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असावं लागतं. नशेसाठी पैदास केलेल्या संकरित वाणांत ते १५-२० टक्क्यांवर जातं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये या झाडाला सटायवा म्हटलं, फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कनं १७८५ मध्ये भारतातल्या झाडाला इंडिका. तिकडच्या दुकानांत इंडिकानं झोप येते, सटायवानं तरतरी, आणि हायब्रिड म्हणजे दोन्हीचा मेळ, असं सांगून विकतात. प्रत्यक्षात इतके संकर झालेत की नावावरून परिणाम ओळखता येत नाही, आत कोणतं द्रव्य किती आहे ते बघावं लागतं. संकराचं बी धरून पुन्हा लावलं तर पोरं आईबापांसारखी निघतीलच असंही नाही. त्यातून नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि पराग वाऱ्यावर जातो.

पण हे सगळं ऐकण्यापुरतं. आमचं बी सोललेलं असतं, अख्खं असेल तर भाजलेलं. मातीत घातलंत तर कुजेल, उगवणार नाही. आणि उगवणारं बी कुठून मिळालंच, तरी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गॅलरीतली एक कुंडी म्हणून सूट नाही. उत्तराखंडानं २०१८ पासून हेम्पच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली, माल तिथून येतो तो म्हणूनच. नेरूळच्या गॅलरीत तुळस लावा, ‘तुळशीत भांग’ ही म्हणीपुरतीच बरी.

अंबाडीचं बीही आम्ही ठेवतो आणि ते खुशाल पेरा. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. अंबाडीची पानं भांगेच्या पानांसारखी बोटं फुटलेली असतात, तिच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ आहे. आमच्या एका ग्राहक काकूंच्या कुंडीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि त्यांना भाजी शिजवून कमिटीला खायला घालावी लागली.

बियांची चटणी एकदा करून बघा. अख्खं भाजलेलं बी, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू. कुमाऊंकडची पद्धत आहे. आम्ही त्यात दोन लसणाच्या पाकळ्या घालतो. वाटताना थोडं पाणी घालून टरफलं गाळून घ्या, नाहीतर दातांत कचकचतात. भाकरीबरोबर उत्तम.

बाटली खवट निघाली तर उघडल्यापासून पंधरा दिवसांत बिलासकट आणा, बदलून देऊ. गळ्याशी पिवळा कड दिसला तर मात्र आधी विचारू, ओट्यावर कुठे ठेवली होती.