जुन्या गाड्यांना बेल्ट आणि नवे ब्रेक बसवण्याची वेळ का येते

1950 च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा म्हणजे एकच सलग लोखंडी रॉड असायचा, एक टोक पुढे स्टिअरिंग बॉक्समध्ये आणि दुसरं थेट ड्रायव्हरच्या छातीसमोर. समोरून जोरात धडक बसली की बॉक्स मागे सरकायचा आणि दांडा सरळ छातीत. डॅशबोर्ड पण नुसता पत्र्याचा. दिसायला काय सुंदर गाड्या होत्या त्या, पण आतल्या माणसाचा विचारच केलेला नसायचा आणि हे मला खरंच बोचतं.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही हां. फोर्डने 1956 च्या मॉडेल्सना लाइफगार्ड नावाचं पॅकेज आणलं, त्यात बेल्ट होते पण जादा पैसे मोजून, आणि तेही फक्त कमरेचे. मग 1959 मध्ये व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोहलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आणला, बोहलिन आधी विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करायचे, आणि व्होल्वोने ते पेटंट सगळ्यांना वापरू दिलं, हे मला फार मोठं वाटतं. गाड्यांच्या सुरक्षेचा कायदा मात्र उशिरा आला, अमेरिकेत 1966 मध्ये, आणि नियम लागू झाले 1968 पासून. धडकेत आत दबणारा स्टिअरिंग कॉलम जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेल्सपासून द्यायला घेतला.

आता त्याआधीच्या गाडीत बेल्ट बसवायचा तर खरी अडचण बेल्टची नसतेच, तो अडकवायचा कशाला ही असते. फ्लोअरच्या पत्र्याला भोक पाडून नुसता बोल्ट आवळला तर धडकेत पत्रा फाडून तो वर येतो, म्हणून खालून जाड स्टीलची प्लेट द्यावीच लागते, आणि बोल्ट पण 7/16 इंची, बेल्टसाठीचाच. वरचा तिसरा पॉइंट दाराच्या मागच्या खांबावर येतो, आणि बिनखांबाच्या हार्डटॉपमध्ये तो खांबच नाही, मग लोक कमरेच्या बेल्टवर भागवतात आणि डोकं मात्र पुढे पत्र्यावर आपटायला मोकळंच राहतं.

ब्रेकची गोष्ट तर अजून भीतीदायक. जुन्या सिस्टिमला एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना ब्रेक ऑइलचा एकच मार्ग, त्यामुळे एक पाइप कुठेतरी लीक झाला की पेडल सरळ खाली बसतं आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. कॅडिलॅकने 1962 मध्ये दोन सर्किट दिली, बाकी बहुतेकांना 1968 च्या नियमाने द्यावी लागली. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत पहिला खर्च दोन सर्किटच्या मास्टर सिलिंडरवरच (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) करावा, जुन्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक नंतर. आणि डिस्क बसवताना ड्रमचाच मास्टर सिलिंडर ठेवलात तर त्यातला व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो, मग पॅड डिस्कला घासत राहतात, ब्रेक तापतात, आणि लोक कारण भलतीकडेच शोधत बसतात.

राहिली बॉडी. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांची कल्पना अशी की गाडीचं पुढचं-मागचं अंग चेपलं जावं आणि मधली केबिन शाबूत राहावी, मर्सिडीजने ती 1959 मध्ये प्रत्यक्ष गाडीत आणली. त्याच 1959 ची एक शेवरले बेल एअर अमेरिकेत 2009 मध्ये टेस्टसाठी शेवरलेच्याच 2009 च्या मालिबूवर समोरासमोर आदळवली. मालिबूची केबिन टिकली, बेल एअरची ड्रायव्हरच्या अंगावर कोसळली. बॉडीच्या बाबतीत नंतर बसवता येईल असं किटच नाही.